नाताळच्या ताटात आपला डिसेंबर

नाताळच्या गेट-टुगेदरसाठी फळांचं ताट मांडायचं म्हटलं की आता एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येतं. किवीच्या हिरव्या चकत्या, ड्रॅगनफ्रूटचे ठिपक्यांचे तुकडे, मूठभर ब्लूबेरी, मोठी लाल द्राक्षं आणि कडेने स्टिकर काढलेल्या सफरचंदाच्या फोडी. मोबाइलवर असंच दिसतं, केटररच्या छापील यादीत असंच असतं, म्हणून भोसरीतल्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा कारखान्याच्या कँटीनमध्येही तेच मांडलं जातं. त्यात वाईट काही नाही, पण चुकीचं बरंच आहे. ज्या गावाच्या चहूबाजूंना डिसेंबरात फळांची रेलचेल असते, तिथल्या सणाच्या ताटात त्या महिन्याचा मागमूस नसावा, हे मला पटत नाही. नाताळचं फळांचं ताट इथल्या डिसेंबरच्या फळांचंच असावं, आणि ते तसं असण्यामागे अभिमानापेक्षा व्यवहार जास्त आहे, एवढंच मला मांडायचं आहे.

नाताळ आणि फळं यांचं नातं मुळात टंचाईतून जुळलं. उत्तर युरोपात हा सण येतो तो झाडं निष्पर्ण झाल्यावर. ताजं फळ म्हणजे फार तर तळघरात जपलेली सफरचंदं. म्हणून तिथल्या केकमध्ये आणि पुडिंगमध्ये भूमध्य समुद्राकडून आलेले मनुके, बेदाणे, साखरेत मुरवलेल्या साली आल्या. इंग्लंडमध्ये एकेकाळी मुलांच्या नाताळच्या मोज्यात एक संत्रं टाकलं जाई, कारण त्या दिवसांत संत्रं ही अपूर्वाईची चीज होती. दख्खनमध्ये याच्या अगदी उलट परिस्थिती असते. पावसाळ्याचं पाणी मुरलेलं असतं, थंडीने गोडी धरलेली असते, आणि पेरू, बोरं, डाळिंब, चिकू, मोसंबी, आवळा, पपई एकाच वेळी बाजारात असतात. नागपूरच्या आंबिया बहाराची संत्री संपत आलेली असली तरी मिळतात. पुरंदरच्या अंजिराचा खट्टा बहार हिवाळ्यातच येतो. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी सुरू झालेली असते आणि सीताफळाची शेवटची टोपली अजून एखाद्या हातगाडीवर दिसते. टंचाईच्या देशाने आपला सण सुक्या आणि लांबून आणलेल्या फळांवर साजरा केला, ते त्यांना शोभलं. सुबत्तेच्या महिन्यात आपण तीच टंचाई पैसे मोजून विकत आणतो.

भोसरीपुरतं बोलायचं तर या मुद्द्याला एक पुरावा अगदी हाकेच्या अंतरावर आहे. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ साली डाळिंबाची एक जात निवड पद्धतीने काढली. ज्या डाळिंबातून ती निवडली त्याचं नाव होतं 'आळंदी'. पुढे ही जात 'गणेश' म्हणून ओळखली गेली आणि महाराष्ट्रातल्या डाळिंबशेतीचं रूप तिने पालटलं. आज बाजारात जे लालभडक 'भगवा' डाळिंब मिळतं, ते राहुरीच्या कृषी विद्यापीठात 'गणेश' आणि 'गुल-ए-शाह रेड' यांच्या संकराच्या पुढच्या पिढीतून निवडलेलं आहे. म्हणजे सांगोल्याहून किंवा मालेगाव-सटाण्याकडून ट्रकने आलेल्या डाळिंबाचं आजोळ भोसरीच्या शेजारच्या आळंदीच्या नावावर आहे. पेरूचंही तसंच. ज्याला आपण 'सरदार' किंवा 'लखनौ-४९' म्हणतो, त्या पेरूची निवड १९२७ साली याच गणेशखिंडीत झाली. नाव लखनौचं आणि जन्म पुण्याचा. ज्या दोन फळांवर नाताळचे लाल, हिरवा आणि पांढरा हे तिन्ही रंग एका ताटात उभे राहतात, त्या दोन्हींच्या घडणीचं काम इथून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ झालं. आणि आपण लाल रंगासाठी परदेशी द्राक्षांकडे बघतो! आपल्याकडच्या द्राक्षांचा खरा हंगाम तर जानेवारीपासूनचा. जुन्नर-नारायणगावची द्राक्षं भोसरीवरून जाणाऱ्या याच नाशिक रस्त्याने येतात, फक्त नाताळनंतर.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. 'आपली फळं' म्हणजे नेमकी कुठली? पेरू, सीताफळ, चिकू, पपई, अननस ही सगळी अमेरिका खंडातून आलेली. त्यांतली बरीचशी पोर्तुगीजांच्या काळात इकडे पोहोचली. स्ट्रॉबेरी इंग्रजांनी महाबळेश्वरला आणली. 'भगवा'च्या रक्तातही निम्मा भाग बाहेरून आणलेल्या जातीचा आहे. मग किवीनेच काय घोडं मारलं? आक्षेप खरा आहे, म्हणूनच माझा मुद्दा स्वदेशीचा नाही. वेलीचं किंवा झाडाचं मूळ गाव कुठलंही असो. ताटातलं फळ कुठे आणि कधी पिकलं हा प्रश्न आहे. उद्या सह्याद्रीत उत्तम किवी होऊ लागली तर ती डिसेंबरच्या ताटात आनंदाने यावी. अरुणाचल आणि हिमाचलात ती होतेच. पण न्यूझीलंडमधली किवी तोडली जाते ती एप्रिलच्या आसपास, म्हणजे डिसेंबरात हातात येणारी तिकडची किवी कित्येक महिने शीतगृहात राहिलेली असते. ड्रॅगनफ्रूट आता महाराष्ट्रातही चांगलं पिकतं, मात्र त्याचा हंगाम जून ते नोव्हेंबरचा. डिसेंबरातलं ड्रॅगनफ्रूट बहुधा लांबून आलेलं किंवा साठवलेलं असतं. ते खाऊन कुणी आजारी पडत नाही, हे मान्य. फक्त त्याला चव अशी फारशी नसते, आणि हे त्याचे चाहतेही खासगीत कबूल करतात.

चवीच्या या फरकामागे साधं कारण आहे. काही फळं तोडल्यावरही पिकत राहतात: पेरू, चिकू, सीताफळ, केळी, पपई. काही तोडली की जिथल्या तिथे थांबतात: स्ट्रॉबेरी, डाळिंब, संत्रं, द्राक्ष, अननस. दुसऱ्या गटातलं फळ जितक्या लांबून यायचं, तितकं ते प्रवास सोसावा म्हणून आधी तोडावं लागतं, आणि त्यात जी गोडी उतरली नाही ती पुढे कधीच उतरत नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी एका दिवसात इथे येते, त्यामुळे ती पिकू देऊन तोडता येते. अंजीर तर त्याहून नाजूक. पुरंदरहून सकाळी निघालेलं अंजीर संध्याकाळी ताटात आलं तर ते अंजीर, चौथ्या दिवशी नुसता चिखल. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली आणि पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आपण भाषणात बाळगतो. तो ताटात दिसायला हरकत नसावी.

दुसरा आक्षेप परंपरेचा. नाताळ म्हणजे केक. फळांचं हे काय नवीन खूळ? केक हटवावा असं कुणी म्हणत नाही. पण परंपरा जपणाऱ्यांनी भारतातल्या नाताळच्या केकची गोष्ट आठवून पाहावी. १८८३ साली थलश्शेरीच्या मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्याने मर्डॉक ब्राऊन या मळेवाल्यासाठी विलायती नमुना पाहून केक केला, अशी हकीकत केरळात सांगितली जाते. त्यात फ्रेंच ब्रँडी घालायची होती. बापूने त्याऐवजी काजूच्या बोंडांपासून आणि कदळी केळ्यांपासून केलेली गावठी दारू वापरली, आणि साहेबाला केक आवडला. म्हणजे इथल्या नाताळने पहिल्याच घासाला आजूबाजूच्या फळांशी जमवून घेतलं होतं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली एमआयडीसी आली, त्यानंतर टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योग या पट्ट्यात उभे राहिले. त्यांच्या मागोमाग केरळ, तमिळनाडू, गोवा इथली ख्रिस्ती कुटुंबं आली, तशी नगर-जालन्याकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबंही आली. त्यांच्या नाताळात अच्चप्पम आहे, दोदोल आहे, नेवऱ्या आहेत, करंज्या-शंकरपाळे-चकल्याही आहेत. हे सगळं तळलेलं किंवा गोड. या फराळाशेजारी आंबटगोड, पाणीदार असं काही तरी लागतंच, आणि त्यासाठी मीठ-तिखट लावलेल्या पेरूच्या फोडीला तोड नाही. वर संत्र्याच्या कित्येक पट 'क' जीवनसत्त्व आहे ते वेगळंच. मधुमेह असलेल्यांनी मात्र चिकू-सीताफळाच्या बाबतीत फळ आहे म्हणून सैल सुटू नये.

तिसरा आक्षेप ज्याच्या हाती सुरी असते तो घेतो, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बोरांना बिया, सीताफळाला बिया, डाळिंब सोलताना कपड्यांवर डाग. पाहुण्यांच्या गर्दीत हा पसारा कोण आवरणार? दोन्ही पाळ्यांतून घरी येणाऱ्या माणसांनी हे करायचं कधी? उत्तर असं की आयतं कापलेलं ताट मागवण्यापेक्षा हे काम कमी आहे, फक्त ताट कोरायचं नाही, मांडायचं. बोरं धुऊन वाडग्यात ठेवायची, शेजारी बियांसाठी रिकामी वाटी. स्ट्रॉबेरी देठासकट ठेवायची. देठ धरूनच खाता येते. संत्री सोलून पाकळ्या सुट्या करायच्या. डाळिंबाचे दाणे आदल्या रात्री काढून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले तर काळे पडत नाहीत. सीताफळ ताटात ठेवूच नये, गर काढून लहान वाट्यांतून द्यावा. ऐन वेळी कापायची ती तीनच: पेरू, चिकू, अंजीर. चिकू कापला की हवेने लगेच काळवंडतो, म्हणून तो शेवटी. पेरूवर लिंबू पिळलं तर तो बराच वेळ तग धरतो. मीठ मात्र आधी लावायचं नाही, पाणी सुटतं. पुण्याकडची डिसेंबरची हवा कोरडी असते, कापलेल्या फोडी चटकन सुकतात. ओलसर स्वच्छ फडकं झाकलं की काम भागतं.

सकाळी कापून प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळलेलं ताट संध्याकाळपर्यंत टेबलावर राहतं, हे दिसायला नीटनेटकं असलं तरी पोटाला धोक्याचं आहे. कापलेलं फळ साध्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम. नाताळच्या स्वयंपाकघरात आणखी एक गोष्ट असते. त्याच ओट्यावर चिकन-मटण मुरत असतं. फळांची सुरी आणि पाट वेगळा ठेवणं ही शिष्टाचाराची बाब नाही, जुलाब टाळण्याची आहे. स्ट्रॉबेरीवर फवारण्या बऱ्याच होतात, ती वाहत्या पाण्याखाली धुवावी, आणि धुतल्यावरच देठ काढायचं असेल तर काढावं. आधी काढलं तर पाणी आत शिरतं. ती प्लास्टिकच्या डबीत येते, ही या 'आपल्या' फळाची खोट मला नाकारता येत नाही.

पैशांचं गणित लांबवायची गरज नाही. किवी नगावर विकली जाते आणि पेरू किलोवर, यातच बरंच आलं. डिसेंबरातली स्ट्रॉबेरी स्वस्त नसते, अंजीर तर कधीच नसतं. पण ही दोन थोडी आणि पेरू, बोरं, संत्री भरपूर असं प्रमाण ठेवलं तर ताट भरलेलं दिसतं आणि खिसा रिकामा होत नाही. आठ-दहा घरांनी मिळून मोशीच्या उपबाजारातून पेटीने माल आणला तर आणखी परवडेल. चिकू आणि पेरू दोन-तीन दिवस आधी, थोडे कडक बघून घ्यायचे. स्ट्रॉबेरी आणि अंजीर चोवीस तारखेच्या आधी नाही. तीन आठवड्यांनी संक्रांतीच्या सुगडात हीच बोरं, ऊस आणि हरभरा पडणार असतो. शेजारच्या घरातल्या आजींना नाताळच्या टेबलावर बोरं दिसली तर त्या बिचकणार नाहीत, चार जास्तच उचलतील.

कंपन्यांचा भाग उरतो, कारण या पट्ट्यात नाताळचं मोठं ताट घरात कमी आणि कँटीनमध्ये जास्त मांडलं जातं. तिथे ठेकेदाराच्या दरपत्रकात 'इम्पोर्टेड फ्रूट' हा वरचा, महाग दर्जा असतो आणि 'सीझनल फ्रूट' हा खालचा. मनुष्यबळ विभागाने यंदा खालच्या ओळीवर खूण करावी, वाचलेल्या पैशांत पुरंदरचं अंजीर वाढवून मागावं, आणि फळं कधी कापणार ते ठेकेदाराकडून लिहून घ्यावं.