पूर ओसरल्यावरचे गवत

तुकोबांच्या अभंगातील लव्हाळा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. महापुरातून तो वाचतो तो नम्रतेमुळे, असे आम्ही वर्गात शिकवतो. हा बोध खराच. परंतु पांढुर्ण्याची जाम नदी किंवा सौसर तालुक्यातून वाहणारी कन्हान यांचे काठ पावसाळ्यात पाहिले म्हणजे वाटते, की केवळ वाकण्याने हे साधत नाही. पुरात तगण्याची तयारी पूर येण्यापूर्वीच झालेली असते.

हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायू सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणून जमिनीत पाणी तुंबले की मुळांचा श्वास कोंडतो. प्राणवायूवाचून त्यांना साठवलेल्या शर्करेवर गुजराण करावी लागते. खर्च फार होतो आणि शक्ती थोडी मिळते. पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतींच्या खोडांत व मुळांत मात्र हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्या वाटेने हवा मुळांपर्यंत उतरते. आमची मायबोली कोंकणी. गोव्याच्या खाजन जमिनीतील कोरगुट भात पाण्यात पाय रोवून उभे राहते, तेही याच युक्तीने. भात हेही अखेर गवतच.

गवत पुरते बुडाले, तर ही वाटही बंद होते. अशा वेळी काही जाती भराभर उंच वाढून पाण्यावर डोके काढतात. हराळी, म्हणजे आपल्या पूजेतील दूर्वा, उलट मार्ग धरते. ती वाढ आवरते आणि जमिनीतील खोडांत साठवलेली शिदोरी पुरवून पुरवून खाते. पाणी ओसरले की पेऱ्यापेऱ्यांतून नवी पाने फुटतात आणि गाळाने माखलेला काठ हिरवा दिसू लागतो.

हा हिरवेपणा मात्र फसवा असतो. उरलीसुरली शिदोरी खर्चून गवताने ती पाने काढलेली असतात. नेमकी त्याच वेळी आपण गुरे काठावर सोडतो. कोवळे फुटवे खुडले जातात, ओल्या जमिनीत खूर रुतून माती दबते आणि मुळांची हवा पुन्हा कोंडते. पुराने न मारलेले गवत आपल्या घाईने मरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणेल, की दारची गाय उपाशी कशी ठेवावी? प्रश्न रास्त आहे. परंतु उत्तरही आपल्याच शिवारात आहे. बरड उतारावर पाणी साचत नाही. तेथील कुसळी गवताला कुसळे येण्यापूर्वी गुरे ते आवडीने खातात. कुसळे आल्यावर तोंड लावीत नाहीत. तेव्हा आधी उतार चारावा, आणि काठावरचे गवत चांगले वाढून सावरल्यावर, जमीन वाफशावर आली म्हणजे, तेथे गुरे न्यावीत. ज्यांच्या घरी उताराची वाट नाही, त्यांच्यासाठी गावाने चरनोईचे भाग पाडून पाळीपाळीने चराई ठेवावी.

विद्यार्थीमित्रांनो, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतो. त्याच दिवसांत नदीकाठचे गवतही थकून उभे असते. त्यालाही थोडी विश्रांती मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे.