आमचं आणि आपलं

लग्नानंतरचा पहिला दिवाळसण कुंभकोणमला झाला. तिकडे त्याला ‘तलै दीपावळी’ म्हणतात. जावयाचे लाड मात्र आपल्यासारखेच. केळीच्या पानावर गरम भात पडला आणि मला तूप हवं होतं. बायको स्वयंपाकघरात. कोल्हापूरकर असल्यामुळे कन्नडमध्ये तुपाला ‘तुप्प’ म्हणतात एवढं ठाऊक होतं. तमिळ तिची सख्खी शेजारीण, मग फरक तो किती पडणार? मी ऐटीत म्हणालो, ‘‘अत्तै, तुप्पु.’’

सासूबाईंचा वाढता हात हवेतच थांबला. तमिळमध्ये ‘तुप्पु’ म्हणजे ‘थुंक’. तूप म्हणजे ‘नेय्’.

पुण्याला परतल्यावर शिकवणी लावून घेतली, बायकोकडेच. लिपीने घाम फोडला. क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. कुठे क म्हणायचं आणि कुठे ग, ते शेजारपाजार बघून ठरवायचं. कुंभकोणमच्या स्टँडवर बसच्या पाट्या वाचत मी गावाचं नाव ‘कुम्पकोणम्’ करून टाकलं, तेव्हा शेजारी उभं असलेलं शाळकरी पोरगं तोंड फिरवून हसलं. तरी आपल्याकडे ळ आहे हे नशीब. त्यांच्या ‘वाळप्पळम्’मधला, म्हणजे केळ्यातला, तो जीभ मागे दुमडून सोडायचा दुसरा ‘ळ’ मात्र मला अजून जमलेला नाही. केळी मी बोटाने दाखवून घेतो.

एक गोष्ट आधी कबूल करायला हवी. माझ्या पन्नासेक शब्दांवर सासरचं गाव खूश होतं. ‘‘माप्पिळ्ळै तमिळ बोलतात!’’ म्हणून मला शेजारच्या घरी नेऊन बोलून दाखवायला लावलं. इकडे बायको वर्षभरात भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकं मराठी शिकली, तर आमच्या आत्याने तिच्या ‘च’च्या उच्चारात खोड काढली. जावई शिकला की कौतुक, सून शिकली की त्यात काय मोठं!

पण बायकोचं मराठी एका ठिकाणी कधीच अडखळलं नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’. हिंदीवाले मित्र दोन्हीकडे ‘हम’ वापरतात, त्यामुळे ‘आपण निघतो, तुम्ही बसा’ असं खुशाल म्हणतात. तिला हा भेद सांगावाच लागला नाही. तमिळमध्ये ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारं ‘नांग’ वेगळं, त्याला आत घेणारं ‘नाम’ वेगळं. ‘एंग वीडु’ म्हणजे आमचं घर, ‘नम्म वीडु’ म्हणजे आपलं घर. मराठीने हा भेद द्राविडी शेजाऱ्यांकडून उचलला असावा, असं भाषेचे अभ्यासक मानतात.

हे कळलं आणि माझी पंचाईत झाली. सासूबाई माझ्याशी बोलताना प्रत्येक वेळी ‘एंग’ म्हणत होत्या. एंग ऊरु, एंग वीडु. सासऱ्यांनी तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतीवरचा 1803 सालचा मराठी शिलालेख दाखवला, तोही ‘उंग आळुंग’ म्हणत. तुमची माणसं! दोनशे वर्षांपूर्वी तिथे राज्य करणारे भोसलेही माझ्याच खात्यावर. शब्द कळत नव्हते तेव्हा मी सुखात होतो. बायकोपाशी मी हे कधी बोललो नाही. सासूकडून सर्वनाम मागून घ्यायचं तरी कसं?

लग्नाला आता 14 वर्षं झाली. गेल्या महिन्यात सासूबाईंचा फोन आला. बायको आंघोळीला गेली होती, म्हणून मी उचलला. त्या वैतागलेल्या होत्या. ‘‘नम्म वीट्टुल करंट इल्ल, माप्पिळ्ळै. सकाळपासून!’’ मी ईबीच्या, म्हणजे वीज मंडळाच्या, ऑफिसला कळवलंत का विचारलं, फ्रिजमधलं दूध तापवून ठेवा म्हटलं, इन्व्हर्टरची चौकशी केली. फोन ठेवल्यावर मग ध्यानात आलं.

बायको केस पुसत बाहेर आली. मी घाईघाईने सांगितलं, ‘‘अत्तै म्हणाल्या, नम्म वीट्टुल करंट नाही. नम्म म्हणाल्या!’’

‘‘किती वाजल्यापासून?’’ तिने विचारलं, आणि फोन लावायला घेतला.