शालेय ग्रंथालय : उद्घाटनानंतरची पाच वर्षं

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो. शाळेसाठी काहीतरी करू या, असं कुणीतरी म्हणतं, ग्रंथालयाची कल्पना पुढे येते आणि दोन-तीन महिन्यांत आठ-दहा लाख रुपये उभे राहतात. दुसरीकडे २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५मुळे मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजोपयोगी कामांवर खर्च करावे लागतात. त्यातूनही काही शाळांच्या वाट्याला ग्रंथालय येतं. पैसा येतो आहे, माणसांची भावना खरी आहे, यात वाईट काहीच नाही. काळजी वाटते ती पैसा खर्च करण्याच्या रीतीची. हा पैसा एकदाच येतो, आणि ग्रंथालयाचा खर्च मात्र दरवर्षी येतो. अंदाजपत्रक उद्घाटनाच्या तारखेपर्यंतच आखलं असेल, तर ते ग्रंथालय बंद पडायला त्याच दिवसापासून सुरुवात होते. कुलूप लागलेली ग्रंथालयं पाहायला आपल्याकडे फार लांब जावं लागत नाही.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला पहिला, ग्रंथ उपयोगासाठी आहेत हा, भिंतीवर रंगवलेला सर्वत्र दिसतो. पाचवा मात्र कुणाच्या अंदाजपत्रकात उतरत नाही. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, असं तो सांगतो. जी गोष्ट वाढणारी आहे तिच्यासाठी एकरकमी तरतूद करून भागत नाही, एवढी साधी गोष्ट त्यात आहे.

कायद्याचा आधार इथे अपुरा पडतो. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंही असावीत, असं स्पष्ट म्हटलं आहे. पण त्याच परिशिष्टात शिक्षकसंख्येचा जो तक्ता आहे, त्यात उच्च प्राथमिक शाळांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्या अर्धवेळ निदेशकांचा उल्लेख आहे, ग्रंथपालाचा नाही. म्हणजे ग्रंथालय सक्तीचं, ते चालवणारा माणूस नाही. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वार्षिक अनुदान ठरवलेलं आहे, इयत्तांनुसार पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत. अनुदान दरवर्षीचं असावं हे तत्त्व योग्यच आहे. रक्कम पुरेशी आहे का, हे हिशेब मांडल्यावर कळतं.

आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघ आणि युनेस्को यांच्या २००२च्या मार्गदर्शिकेत दर विद्यार्थ्यामागे किमान दहा पुस्तकं आणि लहानात लहान शाळेतही किमान २,५०० असा संग्रह सुचवला आहे. चारशे मुलांची शाळा धरली तर चार हजार पुस्तकं होतात. सरासरी किंमत दीडशे रुपये धरू. चित्रमय गोष्टीची पुस्तकं याहून स्वस्त मिळतात, कोश आणि माहितीपर पुस्तकं महाग. चार हजार पुस्तकांचे सहा लाख झाले. मुलांच्या हातात फिरणारी पुस्तकं फाटतात, जुनी होतात, हरवतात. दरवर्षी दहा टक्के नवी घ्यायची म्हटली तर चारशे पुस्तकं, साठ हजार रुपये. समग्र शिक्षेच्या कमाल अनुदानाच्या हे तिप्पट आहे, आणि यात माणसाचं मानधन धरलेलंच नाही.

आता जमलेल्या दहा लाखांचं सहसा काय होतं ते पाहू. खोलीची डागडुजी, फरशी, छत, रंग, काचेच्या दारांची कपाटं, गोल टेबलं, दोन संगणक, बाहेर दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी. सात-आठ लाख इथेच संपतात. उरलेल्या दोन-अडीच लाखांत पुस्तकं एकदमच घेतली जातात, बहुधा एकाच विक्रेत्याकडून, बहुधा मार्च महिन्यात. पुढच्या वर्षासाठी शून्य. पहिल्या वर्षी मुलं उत्साहाने येतात, दुसऱ्या वर्षी त्यांना आवडलेली पुस्तकं वाचून झालेली असतात आणि न आवडलेली कपाटात दिसत राहतात. तिसऱ्या वर्षी त्या खोलीत निवडणुकीचं प्रशिक्षण किंवा जादा वर्ग भरू लागतो. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. आराखड्यातच दुसरं वर्ष नव्हतं.

तेच दहा लाख पाच वर्षांवर पसरून बघावेत. खोली आणि मांडण्या मिळून २ लाख २० हजार. याहून एक रुपया जास्त नाही. पहिल्या वर्षी बाराशे पुस्तकं, १ लाख ८० हजार. पुढची चार वर्षं दरवर्षी चारशे, मिळून २ लाख ४० हजार. अर्धवेळ ग्रंथपालाला महिना सहा हजारांप्रमाणे वर्षाचे अकरा महिने, पाच वर्षांचे ३ लाख ३० हजार. बांधणी, दुरुस्ती आणि मासिकांची वर्गणी यांना वर्षाला सहा हजार, म्हणजे ३० हजार. बेरीज बरोबर दहा लाख. पाचव्या वर्षाअखेर २,८०० पुस्तकं आलेली असतील. फाटलेली-हरवलेली वजा केली तरी अडीच हजारांच्या आसपास हाती राहतील, म्हणजे मार्गदर्शिकेतला किमान आकडा गाठला जाईल. सहा हजार हे मानधन तुटपुंजं आहे, हे मी मान्य करतो. ते वाढवायचं असेल तर फरशी आणि रंगाच्या खर्चातून वाढवावं, पुस्तकांच्या नाही. आणि ही पाच वर्षं शाळेने हातावर हात ठेवून घालवायची नाहीत. सहाव्या वर्षासाठीची वार्षिक वर्गणी पहिल्याच वर्षापासून गोळा होऊ लागली पाहिजे.

माणूस कशाला, एखाद्या शिक्षकाकडे चार्ज देऊ, असं अनेक मुख्याध्यापक म्हणतात. इथे जरा थांबलं पाहिजे, कारण ग्रंथालयं बंद पडण्याचं मोठं कारण या चार्जमध्ये आहे. ज्या शिक्षकाकडे वर्गाचे तास, ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराच्या नोंदी आणि त्यावर ग्रंथालय असतं, त्याच्या दृष्टीने पुस्तक ही वाचायची वस्तू राहत नाही. ती जडसंग्रह नोंदवहीतली, आपल्या सहीखालची मालमत्ता होते. मुलाने पुस्तक हरवलं तर वसुली आपल्याकडून होईल, बदलीच्या वेळी चार्ज देताना एक पुस्तक कमी भरलं तर दाखला अडेल, ही त्याची भीती खोटी म्हणता येत नाही. मग तो सगळ्यात सुरक्षित मार्ग निवडतो. पुस्तकं बाहेर काढायचीच नाहीत. तपासणीच्या दिवशी कपाट उघडायचं, दाखल नोंदवहीशी आकडा जुळवायचा, पुन्हा कुलूप. कागदावर हे ग्रंथालय आदर्श ठरतं, कारण त्यातलं एकही पुस्तक कधी हरवलेलं नसतं.

सरकारी नियम याहून समंजस आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार वर्षभरात वाचायला दिल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी मानता येतं. त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, आणि हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तक असेल तर चौकशी व्हावी, एवढीच अट. हा नियम केंद्रीय कार्यालयांसाठी आहे. पण शाळा व्यवस्थापन समितीला त्याच धर्तीवर आपला ठराव करता येतो. चारशे मुलांनी पंधरवड्याला एक पुस्तक नेलं तर आठ महिन्यांत ६,४०० वेळा देवघेव होते. हजारी पाच या दराने ३२ पुस्तकं. दीडशेच्या भावाने ४,८०० रुपये. चार हजार आठशे रुपयांच्या संभाव्य तोट्याच्या भीतीने दहा लाखांचं ग्रंथालय बंद ठेवणं हा शाळेच्या हिशेबातला सर्वांत महाग निर्णय आहे. म्हणून अंदाजपत्रकात ‘हरवलेली व फाटलेली पुस्तकं’ हे शीर्षक उघडपणे घालावं, त्यात रक्कम लिहावी आणि निर्लेखनाची पद्धत आधीच ठरवावी. त्या एका ओळीमुळे कुलूप निघतं.

पुस्तकांच्या निवडीत घाई सर्वांत जास्त नुकसान करते. अनुदान किंवा देणगी वर्षअखेरीस हातात पडते, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, आणि विक्रेता तयार संच घेऊन दारात उभा असतो. थोरांची चरित्रं, सामान्य ज्ञान, निबंधमाला, सुविचारसंग्रह: एकाच ठशाची, बारीक टाइपातली, चित्रं नसलेली पुस्तकं शेकड्यांनी कपाटात जातात. सूट चाळीस टक्के मिळाली म्हणून समाधान मानलं जातं. न वाचल्या जाणाऱ्या पुस्तकावर मिळालेली सूट ही बचत कशी होईल? मराठीत मुलांसाठी चांगलं नाही, ही सबबही टिकत नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टचं नेहरू बाल पुस्तकालय आहे, प्रथम बुक्स आणि एकलव्य यांची स्वस्त आणि सुबक पुस्तकं आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं आहे. पहिल्या बाराशेतलीही तीनशे पुस्तकं मागे ठेवावीत आणि मुलांनी काय मागितलं याची वही भरल्यावर सहा महिन्यांनी घ्यावीत. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीकडच्या शाळांना आणखी एक तरतूद लागेल: भिली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या पहिली-दुसरीच्या मुलांसाठी त्यांच्या घरच्या भाषेतलं किंवा द्वैभाषिक साहित्य. ते बाजारात संचांत मिळत नाही. शोधावं लागतं, कधी शाळेतच तयार करावं लागतं, आणि त्याला वेळ आणि छपाईचे पैसे लागतात.

देणगीत आलेली जुनी पुस्तकं नम्रपणे पण काटेकोरपणे तपासून घ्यावीत. घराघरांतून निघालेली गाइडं आणि कालबाह्य स्पर्धापरीक्षांची पुस्तकं मांडणीवर आली की चांगली पुस्तकं त्यांत झाकली जातात.

खोलीबद्दल दोनच गोष्टी, पण दोन्ही अभियंत्याला विचारून लेखी घ्याव्यात. वरच्या मजल्यावरचा रिकामा वर्ग ग्रंथालयाला द्यायचा मोह सगळ्यांना होतो. इमारतींवरच्या भारासंबंधीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार वर्गखोली दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण तीनशे किलो भार धरून बांधली जाते. पुस्तकांच्या साठ्याच्या खोलीसाठी हाच आकडा ६ किलोन्यूटन, अगदी दुप्पट आहे. छतापर्यंत भरलेली लोखंडी कपाटं जुन्या स्लॅबवर ओळीने उभी करणं धोक्याचं आहे. शक्यतो तळमजला घ्यावा, नाहीतर मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या, उघड्या मांडण्या भिंतीलगत ठेवाव्यात. मुलांनाही त्याच सोयीच्या. दुसरी गोष्ट ओल. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने बंद कपाटात पुस्तकं ठेवली तर बुरशी आणि कसर धरते. तिथे खेळती हवा, भिंतीपासून वीतभर अंतर आणि वाळवीचा बंदोबस्त यांवरचा खर्च रंगाच्या आधी यायला हवा.

संगणकांचं थोडक्यात सांगतो. अडीच-तीन हजार पुस्तकांची देवघेव एका नोंदवहीत उत्तम चालते. पुढे संगणकीकरण करायचं झालं तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आणि कोहा या दोन्ही प्रणालींना परवाना शुल्क लागत नाही. पहिल्याच वर्षी महागडी प्रणाली घेण्याचं कारण नाही.

या सगळ्याचा धडा आपल्याला बाहेरून आणावा लागत नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणलं, आणि बॉर्डन यांनी दुसऱ्याच वर्षी, १९११मध्ये, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. पुस्तकांबरोबर ग्रंथालयं चालवणारी माणसं घडवणं त्यांना आवश्यक वाटलं. गावोगावच्या ग्रंथालयांसाठी गावाने वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम पंचायतीने आणि तेवढीच संस्थानाने दरवर्षी घालायची, अशी व्यवस्था होती. जिथे पुस्तकालय परवडत नव्हतं तिथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं जात. शंभर वर्षांपूर्वीच्या या योजनेत इमारत शेवटी येत होती. चालू खर्च आणि माणूस आधी येत होते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना, कंपन्यांच्या निधी समित्यांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे. ग्रंथालयाच्या ठरावावर सही करण्याआधी त्याला पाच वर्षांचा खर्चाचा तक्ता जोडलेला आहे का, ते पाहा. त्यात ग्रंथपालाचं मानधन, दरवर्षीची नवी पुस्तकं, हरवलेल्या पुस्तकांची तरतूद आणि प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक ग्रंथालयाची तासिका, या चार गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत. त्या नसतील तर सही करू नका. पैसे बँकेत राहू द्या आणि तक्ता परत मागवा.