दिवा विझला, मनोरा उरला, पुढे काय?

प्रतिनिधी, नाशिक

सुट्टीत गोव्याला जाणाऱ्या नाशिककरांची आग्वाद किल्ल्यावर एक फेरी ठरलेलीच असते. मांडवीच्या मुखाजवळील या टेकडीवरून अरबी समुद्राचे विस्तीर्ण दर्शन घडते आणि बहुतेकांच्या छायाचित्रांत मागे एक गोल, पांढरा मनोरा दिसतो. हा मनोरा शोभेसाठी बांधलेला नाही. पोर्तुगीजांनी १८६४ मध्ये उभारलेले ते दीपगृह आहे. १९७६ मध्ये जवळच नवे दीपगृह कार्यान्वित झाले आणि जुना दिवा विझला. एकेकाळी समुद्रावरून ज्या जागेकडे नजरा लागत, त्याच जागी उभे राहून लोक आता समुद्र न्याहाळतात.

देशातील दीपगृहांकडे पर्यटनाच्या दृष्टीने पाहण्याचे धोरण गेल्या काही वर्षांत केंद्र सरकारने आखले आहे. पहिला भारतीय दीपगृह महोत्सव सप्टेंबर २०२३ मध्ये आग्वाद येथेच झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ७५ दीपगृहांवरील पर्यटन सुविधांचे लोकार्पण करण्यात आले. त्यावर सुमारे ६० कोटी रुपये खर्च झाला. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये चार लाख असलेली पर्यटकांची वार्षिक संख्या २०२३-२४ मध्ये १६ लाखांवर गेली. हे यश नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या १६ लाखांना तेथे नेमके काय कळते, हा.

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली आहे. १९२७ च्या दीपगृह कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या कायद्यात 'वारसा दीपगृह' अशी स्वतंत्र तरतूद असून, तिच्यात पर्यटनाबरोबरच शैक्षणिक आणि सांस्कृतिक हेतूंचाही समावेश आहे. मात्र ही तरतूद केंद्राच्या ताब्यातील दिशादर्शक साधनांसाठी आहे. आग्वादवर चालू दीपगृह दीपगृह महासंचालनालयाकडे, तर १६१२ चा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. पुरातत्त्वाचे नियम भिंती जपतात, त्या भिंतींनी केलेले काम सांगण्याची जबाबदारी त्यांतून आपोआप निश्चित होत नाही. काम थांबलेला मनोरा म्हणूनच दोन खात्यांच्या मध्ये अडकण्याची भीती असते.

हे काम सांगण्याजोगे आहे. भिंगांच्या योजनेने लहानशी ज्योत कित्येक मैलांवरून दिसे. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापेची लय निराळी असल्याने खलाशी काळोखातही बंदर ओळखत. ही माहिती नसेल, तर मनोरा म्हणजे केवळ उंच चौथरा ठरतो. याच किल्ल्याच्या खालच्या भागातील तुरुंगाचे रूपांतर स्वातंत्र्यलढ्याच्या संग्रहालयात झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वास्तूचा मूळ उपयोग संपल्यावरही तिचा अर्थ जपता येतो, याचा दाखला अशा रीतीने त्याच टेकडीच्या पायथ्याशी आहे.

महाराष्ट्रापुढेही हा प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठा लष्करी स्थळांमध्ये अलिबागजवळील खांदेरी आणि नाशिक जिल्ह्यातील साल्हेर या दोन्ही किल्ल्यांचा समावेश आहे. खांदेरीवर १८६७ पासूनचे दीपगृह असून ते अद्याप कार्यरत आहे. तेथे इतिहास आणि चालू काम एकत्र दाखविण्याची संधी आहे. समुद्रसपाटीपासून १,५६७ मीटर उंचीच्या साल्हेरवर दीपगृह नव्हते. तथापि, बागलाणच्या वाटांवर नजर ठेवणे हे त्याचेही काम होते. आज तेथून दिसणाऱ्या दृश्याची ख्याती मोठी आहे. ती नजर कोणावर आणि कशासाठी होती, हे मात्र गड चढणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

कठडे, उपाहारगृह आणि छायाचित्रासाठीचे चौथरे हवेतच. त्यांच्या जोडीला मराठीतील नेमके माहितीफलक, जुन्या उपकरणांचे जतन, प्रशिक्षित स्थानिक मार्गदर्शक आणि दोन खात्यांत कोणी काय करावयाचे याचा लेखी निर्णय, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. सुविधांवर कोट्यवधी रुपये खर्च होत असताना यासाठी लागणारी रक्कम किरकोळच म्हणावी लागेल. नुसत्या गर्दीच्या आकड्यावर समाधान मानले, तर वास्तू उरतील. त्या कशासाठी उभ्या होत्या, हे मात्र पुढच्या पिढीला सांगता येणार नाही.