नकाशात न आलेलं पाणी



पावसाळा तोंडावर आला की पनवेलच्या गाढीकाठच्या वस्त्यांमधून बायका धान्याचे डबे वरच्या फळीवर चढवतात. शिधापत्रिका आणि मुलांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंच खुंटीला टांगतात. २६ जुलै २००५ कुणीच विसरलेलं नाही. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी पनवेलच्या घरांत शिरली.

तेव्हा भारताकडे स्वतःचा रडार उपग्रह नव्हता. पहिला स्वदेशी, रिसॅट-१, २०१२ साली गेला. इस्रो आणि नासाचा 'निसार' ३० जुलै २०२५ला. साधा कॅमेरा ढगांपुढे आंधळा होतो, आणि पूर तर ढगांतच येतो. रडारच्या लहरी ढगांतून आणि काळोखातूनही जातात. संथ पाण्यावर पडून त्या आरशावरच्या उजेडासारख्या पलीकडे निसटतात, उपग्रहाकडे परतत नाहीत. म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं. पुराआधीचं आणि पुरातलं चित्र शेजारी ठेवलं की बुडालेली जमीन कळते. हे विज्ञान आपल्याही पैशातून उभं राहिलं आहे. ते आपण समजून घ्यायला हवं.

पण त्याच्या मर्यादाही आपणच सांगायला हव्यात. निसार त्याच वाटेवर १२ दिवसांनी येतो. पनवेलचं पाणी खाडीच्या भरतीला तुंबतं आणि काही तासांत ओसरतंही. उपग्रह डोक्यावर येईपर्यंत उरतो तो चिखल, आणि तो उपसणाऱ्या बायका. शिवाय दाटीच्या वस्तीत लहरी पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून थेट उपग्रहाकडे परततात. भाताचं खाचर काळं उमटतं, गल्लीतलं पाणी उजळ घरांत हरवतं. बुडालेली चूल नकाशात येत नाही.

नकाशा खोटा नसतो, अपुरा असतो. तोच एकमेव पुरावा मानला, तर जे घर त्यात नाही ते बुडालंच नाही असं ठरतं. पंचनाम्यातही बहुधा कुटुंबप्रमुख पुरुषाचं नाव लागतं. भाड्याच्या खोलीतली एकटी बाई, तिचं शिलाई मशीन, पापडाचं भिजलेलं पीठ कुठे लिहायचं?

म्हणून माझं सांगणं आहे की यंदा प्रत्येक गटाने एक वही घालावी. पाणी चढलं त्या उंचीला भिंतीवर रेघ मारावी. तारीख, वेळ आणि भरती होती की ओहोटी हे लिहावं. भाडेकरूंसह प्रत्येक घराची नोंद बाईच्या नावाने करावी. त्या वहीची प्रत महापालिकेत आणि तहसीलदारांकडे देऊन पोच घ्यावी. आणि पुराचा सरकारी नकाशा माहितीच्या अधिकारात मागून वहीशेजारी ठेवावा.

उपग्रहाची जुनी चित्रंही आपल्या कामाची आहेत. विमानतळासाठी उलवे नदी वळवली, टेकडी कापली, खाडीकाठी भराव पडला. हे सावकाश झालेले बदल त्यांत वर्षावर्षाने दिसतात. पाणी कुठे अडलं ते आकाशातून विचारू या. घरात किती चढलं, ते मात्र जिने उपसलं तिलाच विचारावं लागेल, आणि तिचं उत्तर सरकारदप्तरी लागेपर्यंत आपल्याला मागे हटता येणार नाही.