लॅबचं कुलूप आणि मास्तरांचे हात

'लॅबमध्ये शिक्षक डोक्यावर उभे नसतील तर मुलं आपोआप शिकतील,' असं एका पालकांनी याच पानावर लिहिलं होतं. बेळगावच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाची 'सी'ची लॅब मी बारा वर्षं घेतली, म्हणून हे पत्र.

सुरुवातीला शिक्षक हवाच. सेमिकोलन राहून गेला की कंपायलर बऱ्याचदा चूक पुढच्या ओळीत दाखवतो. नवखं पोर ती बरोबर असलेली ओळच तासभर खोडत बसतं आणि 'हे आपल्याला जमायचं नाही' असं ठरवून घरी जातं. कोणी नुसतं 'जरा वरची ओळ बघ' म्हटलं तरी पुरतं.

पण तेवढंच म्हणावं. इथे मी चुकलो. वीस जणांची बॅच, दोन तास, त्यात जर्नलवर सह्या. घाईत मीच कीबोर्ड ओढून चूक दुरुस्त करून द्यायचो. खानापूरकडची एक मुलगी होती. सगळे प्रोग्रॅम चाललेले, जर्नल देखणं. परीक्षेत तिच्या 'स्कॅनएफ'मध्ये अँडचं चिन्ह राहिलं. कंपायलरने फक्त वॉर्निंग दिली, पण आकडा घातला की प्रोग्रॅम बंद पडे. ती माझ्याकडे बघत राहिली. सेमिस्टरभर हीच चूक तिच्यासाठी मी निस्तरली होती!

मग मुलांना मोकळं सोडावं का? जरूर सोडावं, पण कुठे? तास संपला की लॅबला कुलूप. ज्याच्या घरी लॅपटॉप, त्याचाच काय तो स्वतंत्र सराव. अमेरिकेत एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने १९९१ साली जो अभ्यासक्रम सुचवला, त्यात देखरेखीची आणि मोकळी अशा दोन्ही लॅबचा विचार होता. आपण एकच उचलली.

माझं म्हणणं एवढंच, पहिले सहा आठवडे शिक्षकाने जवळ उभं राहावं, मात्र हात पाठीमागे बांधून. पुढे सकाळी आठलाच लॅब उघडावी. गावाकडची मुलं पहिल्या बसने येऊन नाहीतरी बाहेर कट्ट्यावर बसलेली असतात. वरच्या वर्गातला एखादा विद्यार्थी लक्ष ठेवायला पुरे.

मी नोकरीत असताना ही मागणी केली होती. 'माउस चोरीला जातील,' असं उत्तर मिळालं. जातील एक-दोन, जाऊ देत की!

— एक निवृत्त प्राध्यापक, बेळगाव