तळघरांतील लांकडावरची बुरशी

मोशीहून एका भगिनींनीं पृच्छा केली आहे. त्यांच्या मामंजींनीं गांवचा वाडा उतरवितांना सागाच्या तुळया व फळ्या राखून ठेविल्या. यजमानांस सुतारकामाचा नाद. तेव्हां हें सारें लांकूड आज इमारतीच्या तळघरांतील कामाच्या खोलींत रचलेलें आहे. शेजारींच कारखान्यांतून आलेलीं पॅलेटें मोडून काढलेल्या पाईनच्या फळ्याहि आहेत. श्रावणांत या सर्वांवर बुरशी चढली. जुनें लांकूड घेणारा म्हणतो, माल सडला, जळणाच्या भावानें देऊन टाका. त्यांनीं अद्याप होकार दिलेला नाहीं. देऊंहि नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

बुरशी निराळी आणि कूज निराळी. बुरशी लांकडाच्या पृष्ठभागावरील पिष्ट व शर्करा यांवर जगते. लांकडाचें बळ ती फारसें घेत नाहीं. कूज मात्र तंतूच खाते. टोचा दाबून पाहावा. तो सहज रुतला व भुगा निघाला, तर तेवढा भाग कापून टाकावा. सागाच्या तपकिरी गाभ्यांत असें क्वचितच आढळेल, कारण त्यांतील नैसर्गिक द्रव्यें त्याचें रक्षण करितात. सालीलगतच्या फिकट भागास तें कवच नसतें.

पाईनविषयीं एक गैरसमज आहे. पॅलेटवर ओंबीचें चिन्ह व ‘एच. टी.’ हीं अक्षरें असलीं म्हणजे लांकूड कायमचें निर्धोक झालें, असें पुष्कळांस वाटतें. त्या अक्षरांचा अर्थ इतकाच कीं, लांकडास गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णता सलग ३० मिनिटें दिलेली आहे. तिनें कीड मरते. पुढें येणारी बुरशी थांबत नाहीं.

खरा दोष ओलीचा. लांकडांत शेंकडा २० च्या वर पाणी राहिलें, किंवा भोंवतालची हवा दीर्घकाळ दमट राहिली, कीं बुरशी धरते. तळघराच्या भिंती थंड असतात; पावसाळी हवा आंत येऊन थंडावली म्हणजे अधिकच दमट होते. म्हणून ‘हवा खेळावी’ या समजुतीनें भर पावसांत दार उघडें टाकणें घातकच. दार लोटून आंत पंखा चालू ठेवावा. ऐपत असल्यास हवेंतील पाणी ओढून घेणारें यंत्र आणावें. लांकूड जमिनीपासून वीतभर वर व भिंतीपासून हातभर दूर असावें. प्रत्येक थरामध्यें अंगुळभर जाडीच्या पट्ट्या घालाव्या, त्याहि एकावर एक सरळ रेषेंत, नाहींतर फळ्या वांकतात. प्लास्टिकचें आच्छादन तर मुळींच नको. माणसें तें मोठ्या काळजीनें घालतात आणि आंत बुरशीचें शेतच पिकवितात!

पुसण्याचें काम बाहेर, नाकातोंडास चांगला मास्क बांधून करावें. कोरडा ब्रश किंवा पॉलिशकागद प्रथम लावूं नये. बुरशीचे सूक्ष्म बीजकण हवेंत उडतात. साबणाच्या पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें पुसून लांकूड सावलींत वाळवावें. कडक उन्हानें चिरा पडतात. त्यानंतर टाकणखाराचें पाणी लावल्यास बुरशीस पुन्हा धरणें कठीण जातें. मात्र टाकणखार मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. ब्लीचिंग पावडरीनें डाग फिका होतो, पण तिचें पाणी आंत मुरतें. तिच्यांत ॲसिड तर कदापि मिसळूं नये. विषारी क्लोरीन वायु निघतो.

भगिनींच्या धाकट्या मुलास दम्याचा विकार आहे, असें पत्रांत शेवटीं ओझरतें लिहिलें आहे. आमच्या मतें तें प्रथम लिहावयास हवें होतें. खोली स्वच्छ व कोरडी होईपर्यंत त्यास तेथें फिरकूं देऊं नये, आणि यजमानांनींहि कामाचे कपडे खालींच बदलून वर यावें. तुळया कार्तिकांत, हवा कोरडी झाल्यावर, बाहेर काढून तपासाव्या. विकावयाच्याच असतील, तर भाव त्यानंतर विचारावा, आणि तोहि दोन-तीन ठिकाणीं.